अकराव्या प्रकरणाबद्दल थोडा खुलासा

खरवई, मंगळवार

तीर्थस्वरूप जयदेवदादांच्या पायांशी धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे दिनानाथचा (हल्ली लेखक) दोन्ही हात जोडून नमस्कार.

कॅम्प नंबर तीनमध्ये सगळे खुशाल असतील, वहिनींचा गुडघा वळत असेल आणि तुझ्या कारखान्यातल्या जीन्स वेळेवर शिवून होत असतील अशी आशा. गुडघ्याची चौकशी फोनवरच करणार होतो, पण तू माझा नंबर ब्लॉक केलास असं तुझ्या सुनेने, जिज्ञासाने, कळवलं (गुणी मुलगी आहे, तुमच्या घरात कशी टिकली देव जाणे). तेव्हा हे पोस्टाचं पाकीट. तिनेच दुसराही निरोप दिला, की एकोणीस तारखेला आमच्या तेजलच्या लग्नाच्या मांडवाला तू येणार नाहीस. नको येऊस. मांडवात उंबराची फांदी भाऊकीतल्या थोरल्याने रोवायची आणि थोरला तू, एवढीच काय ती अडचण. तू नसलास तर मान तुझ्या खालोखालच्या भूपेशकडे जातो, आणि भूपेश एका फांदीच्या खड्ड्यासाठी जेसीबी घेऊन येईल. पण माझी काही तक्रार नाही.

तुझा राग माझ्या कादंबरीवर आहे हे मला ठाऊक आहे. पाणीखात्यात चौतीस वर्षं जांभूळला व्हॉल्व्ह फिरवून निवृत्त झालेल्या माणसाने गप्प बसून नातवंडं सांभाळावीत, हे तुझं मत जिज्ञासाने शब्दशः कळवलं. पण दादा, मी लिहिलं ते काय परक्यांचं? दुसऱ्या महायुद्धात सरकारने छावणीसाठी (म्हणजे आज तू राहतोस त्याच कॅम्पसाठी) आपली शेतं घेतली. तुझे आजोबा रघु छावणीच्या भटारखान्यात नोकरीला राहिले. माझे आजोबा सुदाम गोऱ्यांची चाकरी करणार नाही म्हणून डोक्यावर गाठोडं घेऊन खरवईला आले. दोघे भाऊ मरेपर्यंत एका पंगतीला बसले नाहीत. युद्धाने दुभंगलेलं घराणं आयतं घरात असताना मी दुसरीकडे कुठे शोधायला जाऊ?

चूक एकच झाली. छापायच्या आधी मी कादंबरी भाऊकीत वाचून दाखवली. दर रविवारी एक प्रकरण, वर चहा-बिस्किट. पहिल्याच रविवारी हरिचंद्रकाकांनी विचारलं, ‘आमच्या आज्याला घोरा का नाय?’ मी म्हटलं, काका, तो काळ मिलिटरीच्या ट्रकचा, आणि आपल्याकडे घोडा कधी नव्हताच. ते म्हणाले, मग कादंबरी कसली, हा तर सातबारा झाला. दिला घोडा. पुढच्या रविवारी भूपेश म्हणाला, युद्धाची गोष्ट आणि बंदुकीचा बार एकही नाही, पब्लिक वैतागेल. आता जपानी काही अंबरनाथपर्यंत आले नव्हते, पण भाऊकीच्या समाधानासाठी मी एका गोऱ्या शिपायाच्या हातून एक गोळी उडवली आणि माणूस नको म्हणून ती म्हशीला लावली. तर तिसऱ्या रविवारी जांभूळची सखूआत्या रिक्षा करून आली. म्हैस त्यांची होती म्हणे, आणि तिला मारायच्या आधी विचारायला हवं होतं. म्हैस मी स्वतः कल्पनेने जन्माला घातली होती, हे तिला पटेना. शेवटी म्हैस वाचली, गोळी चिंचेच्या झाडाला लागली. (चिंचेवर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही.)

तू मात्र एकाही रविवारी आला नाहीस. सगळ्यांनी आपापल्या आजोबांना घोड्यावर बसवलं, तलवार दिली, छातीवर गोळी झेलायला लावली. कादंबरीत खलनायक म्हणून कोणीतरी हवाच होता, आणि रघुआजोबांची बाजू मांडायला खोलीत कोणी नव्हतं. ही माझी चूक की तुझी?

प्रकाशनाच्या कार्यक्रमाचं म्हणशील, तर शाल देताना भूपेशचं नाव तुझ्या आधी पुकारलं गेलं ही निवेदन करणाऱ्या प्राचीची गडबड. पुढे तिने उतारा वाचायला नेमकं अकरावं प्रकरण उघडलं, ज्यात रघु गोऱ्यांच्या उष्ट्या बशा विसळतो आणि भाऊ उपाशी असल्याचं कळल्यावर हसतो. तू पहिल्या रांगेतून उठलास, शाल खुर्चीवर ठेवलीस आणि कोणाकडे न बघता गेलास. त्यानंतर मला भाषण करायचं होतं. काय बोललो ते आठवत नाही. लोक म्हणतात, छान झालं. मी जे ऐकलं तेच लिहिलं, दादा. आजोबांच्या ओटीवर लहानपणापासून हेच ऐकत आलो. तेव्हा माफी वगैरे मागण्याचा प्रश्न येत नाही.

वहिनींना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझा,
दिनानाथ

ता. क. सोबत कादंबरीची एक प्रत. अकरावं प्रकरण फाडून काढलंय. दहावरून थेट बारावर गेलास तरी गोष्टीला काही होत नाही, हे मला आत्ता कळलं.

ता. क. दुसरा. जे ऐकलं तेच लिहिलं, हे वर खोटं लिहिलंय. आमच्या बनूआजीने, सुदामआजोबांच्या बायकोने, मला मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं होतं, की रघुआजोबा दर शनिवारी छावणीतला तांदूळ सायकलवर घालून खरवईला आणायचे, मागच्या दाराने तिच्याकडे द्यायचे आणि पाणीसुद्धा न पिता परत जायचे. सुदामआजोबा तो भात मुकाट्याने जेवायचे, कुठून आला ते कधी विचारायचे नाहीत. माझे वडील त्याच भातावर वाढले, म्हणजे मीही. हे सगळं मला लिहायच्या आधीपासून माहीत होतं. दोन्ही भाऊ चांगले निघाले असते तर कादंबरीतलं घराणं दुभंगत नव्हतं, म्हणून गाळलं. मला लाज वाटते, दादा.

ता. क. तिसरा. एकोणीसला सकाळी सातला फांदी रोवायची आहे. ये. तांदळाचं तूच चारचौघांत सांग. मी सांगितलं तर भाऊकी म्हणेल, दिनाने आता रघुलाही घोडा दिला.