अंथरूण पाहून

प्रिय सायली,

काल फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणाले, पण रविवारचं सांगता आलं नाही. बाबा समोरच बसले होते.

आपल्या पिपलानी वसाहतीतल्या मराठी मंडळात साहेबलोकांच्या चार इमली वस्तीतले एक निवृत्त वित्त अधिकारी सरकारी खर्चावर बोलायला आले होते. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, घर काय आणि सरकार काय, अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. आणि तुझे बाबा उठून उभे राहिले. मंडळात कधी तोंड न उघडणारा माणूस! म्हणाले, “साहेब, घरानं हात आखडला तर चार पैसे उरतात. पण सरकारचा खर्च म्हणजे कुणाची तरी कमाईच ना? आपल्या कारखान्यातली भरती थांबली तेव्हा शेजारच्या सोनागिरीतली दुकानं ओस पडलेली मी पाहिलीत. मग कर तरी कुठून येणार? लोक रिकामे बसलेत तोवर दिल्लीनं खर्चाला का घाबरावं?”

पाहुण्यांनी हसून विचारलं, “आणि महागाई?”

बाबा अडखळले. “माणसं आणि माल अपुरा पडायला लागला, की मग...” एवढं म्हणाले आणि पुढचं सुचेना. मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता खाली बसतील. पण ते म्हणाले, “पुढचं मला नीट मांडता येत नाही. हे माझ्या मुलीचं म्हणणं आहे. ती याच विषयावर काम करते.”

बँकेतली नोकरी सोडून तू संशोधनाला गेलीस, तेव्हा ‘फुकट पैसे वाटायचं शास्त्र’ म्हणाले होते बाबा तुला. तू भरल्या ताटावरून उठलीस. त्यानंतर या घरात तुझ्या कामाचा विषयच निघाला नाही. तुझे लेख ते कधी वाचायला लागले, मलाही पत्ता नाही. परत येताना विचारलं, तर स्कूटर चालवता चालवता म्हणाले, “पोरीचं बरोबर आहे. आणि धीट आहे ती.” मला तर दोघांचंही कौतुक वाटलं. सगळे एकीकडे असताना तू आपलं म्हणणं सोडलं नाहीस, आणि यांनी या वयात चारचौघांत आपलं मत बदललं.

आता मुद्द्याचं. मंडळाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रतिभाताईंचा तुला फोन येईल, मंडळात व्याख्यान द्यायला ये म्हणून. तू काहीतरी कारण काढून टाळशील, मला ठाऊक आहे. टाळू नकोस. तुझं नाव बाबांनीच सुचवलंय, आणि तुला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद आहे. स्वतःहून ‘ये’ म्हणणं त्यांना जमत नाही गं. म्हणून मी लिहिलं.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई