नवव्या महिन्याचा रकाना

प्रिय चिमणे,

तू मागितलेलं तुझं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड सोबत पाठवते आहे. कोपऱ्यातला चहाचा डाग तुझ्या बाबांचा, माझा नाही. बाळाला सर्दी आहे म्हणून नऊ महिन्यांची लस महिनाभर पुढे ढकलू का, असं तू विचारलंस. मुळीच नको. नर्स म्हणून तीस वर्षं पोरांना लशी टोचल्या. त्यातली निम्मी पोरं शेंबडीच असायची.

एवढ्या लशी कशाला, हेही विचारलंस. अगं, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. जन्मल्यावर दिलेली क्षयाची आणि आता द्यायची गोवराची, या दोन्हींत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचल्या त्यांतल्या बऱ्याचशांत मेलेले जंतू किंवा त्यांचे नुसते तुकडे. तेवढ्यानं शरीराला एकदा सांगून कळत नाही, म्हणून तीनतीनदा. तूही तशीच होतीस. गोवराच्या लशीला नऊ महिने थांबतात, कारण तोवर आईकडून आलेली ताकद बाळाच्या अंगात असते आणि लस नीट लागू पडत नाही. पुढे ती ताकद सरते. मग उशीर करून चालत नाही.

आमच्या आरोग्य केंद्रात लशीचा वार मंगळवार, आणि मुलांची कार्डं तेव्हा केंद्रातच असत. मान वर करायला फुरसत नसे, म्हणून मी सोमवारी दुपारीच दुसऱ्या दिवशीच्या कार्डांवर तारीख घालून सही ठोकून ठेवायची. जे मूल आलं नाही, त्याची नोंद संध्याकाळी खोडायची. हे चूकच होतं. पण माझा हात किती झरझर चालतो, असं सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

एका सोमवारी त्या गठ्ठ्यात, गोवराच्या लशीसाठी, तुझंही कार्ड होतं; सही करून ते मी पर्समध्ये टाकलं. मंगळवारी तू तापानं फणफणलीस, म्हणून तुला बाबांपाशी घरी ठेवलं. संध्याकाळी बाकीची कार्डं तपासली. तुझं मात्र पर्समधून थेट कपाटात गेलं. पुढच्या आठवड्यात केंद्राचा फ्रिज बिघडला आणि लशी येईनात. महिन्याभरानं कार्ड उघडलं, तर रकाना भरलेला. त्या मंगळवारचा तुझा ताप मी विसरून गेले होते; मी माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवला.

तू सव्वा वर्षाची असताना गोवर निघाला. अंगावरचं ते लाल पुरळ बघताच तो मंगळवार मला लख्ख आठवला. मग कान वाहू लागला आणि तुझा डावा कान गेला. डॉक्टर कार्ड बघून म्हणाले, क्वचित एखाद्याला लस लागू पडत नाही. मी मान डोलावली. बाबांनाही कधी सांगितलं नाही. तू फोन उजव्या कानाला लावतेस, ते बघताना आजही माझा जीव तुटतो.

हे मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं. पण परवा तू सहज म्हणालीस, लस घेऊनही माझा कान गेलाच ना, मग महिनाभरानं काय बिघडतंय. चिमणे, तुला ती लस मिळालीच नव्हती. ती नोंद मी आज खोडली आहे आणि खाली आजच्या तारखेनं सही केली आहे. माझ्यावर रागाव, हवं तर बोलू नकोस. पण येत्या मंगळवारी बाळाला घेऊन जा, आणि सुई बाहेर आल्यावरच त्याचं कार्ड नर्सच्या हातात दे.

तुझीच,
चुकलेली आई