धुतलेल्या नऊ बाटल्या

परळ, मुंबई
१९ नोव्हेंबर १९६१

बाय,

धाकट्याचा वाकून नमस्कार. मी बरा आहे आणि वेळेवर जेवतो, तुला खोटं वाटलं तरी. तू आणलेले बोंबील अजून पुरवून खातो आहे. भाजायला घेतले की खोलीतले दोघे नाक धरून खिडकी उघडतात आणि ताट घेऊन तेच आधी बसतात. काशीदला मासळी कशी आहे? भावोजींचा खोकला?

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. त्यांत मी हवापाण्याखेरीज काही लिहिलंच नव्हतं, तर उत्तर तरी कशाला देशील.

दिवाळीआधी तू मला भेटायला प्रयोगशाळेत आलीस, तेव्हा त्या बाटल्यांत काय होतं ते आज सांगतो. ती बुरशी आम्ही मुद्दाम वाढवली होती. संधिवातावरचं एक औषध करताना एका पदार्थाला नेमक्या एकाच जागी प्राणवायू जोडावा लागतो. ॲसिडं वापरून पाहिली, तर ती सगळीकडेच चावत सुटतात आणि पदार्थ नासतो. या बुरशीच्या अंगात मात्र एन्झाइम नावाचं द्रव्य असतं. ते बाकी कशाला हात लावत नाही, तेवढी एकच जागा धरतं. पित्त न फोडता तू मासा साफ करतेस ना, तितक्या नेमकेपणानं. मोठमोठे शिकलेले लोक ज्यापुढे डोकं धरून बसले, ते काम बुरशी गुपचूप करते, याचं मला अजून हसू येतं.

तुझं काही चुकलं नाही. बोंबलांवर पांढरं धरलं की तू ते समुद्राच्या पाण्यात खळबळून पुन्हा वलांडीच्या बांबूंवर उन्हात टाकतेस. मी चहा आणायला गेलो आणि तुला नऊ बाटल्या बुरसटलेल्या दिसल्या. भावाला धुवायला सवड होत नसेल, असं वाटलं तुला. सुजलेल्या बोटांनी तू त्या घासल्यास आणि कठड्यावर उन्हात पालथ्या मांडल्यास. मूळ बुरशी कपाटात होती. ती पुन्हा वाढली, वीस दिवस वाया गेले, एवढंच.

पण लिहायचं होतं ते हे नाही.

कोंडाजी, शेजारधर्म म्हणून तू बायला माझी पत्रं वाचून दाखवतोस. पुढचं मनातल्या मनात वाचून गाळू नकोस. ओटीवर कुणी बसलं असेल तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्या बाटल्या पाहून विचारलं, हे कुणी केलं? बाय माझ्याशेजारीच ओल्या हातांनी उभी होती. पायांत वहाण नव्हती, लुगड्याला मासळीचा वास होता, आणि मला तिची लाज वाटली. मी म्हणालो, “झाडूवाली बाई आहे, साहेब. नवीन आहे.”

बायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “व्हय साहेब, मी नवीन हाय. चूक झाली.”

मग पिशवी उचलून ती रेवसच्या लाँचला निघून गेली. मी जिन्यापर्यंतही गेलो नाही.

काल मी साहेबांना खरं सांगितलं. ती माझी सख्खी बहीण, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तिची बोटं वाकताना पाहिली म्हणूनच मी या कामात आलो. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “आता हात कसे आहेत त्यांचे?”

त्या दिवशी मी तुला तेवढंही विचारलं नव्हतं, बाय.

औषधाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. त्यानं सूज उतरते, दुखणं कमी होतं, रोग मुळापासून जात नाही. आणि आमचं औषध बाजारात यायला अजून अवकाश आहे. पण साहेबांच्या ओळखीचे एक डॉक्टर सोमवारी तुला तपासतील. मी शनिवारी येतो. हवं तर माझ्याशी बोलू नकोस, पण रविवारी माझ्याबरोबर मुंबईला चल. डॉक्टरांकडून आपण प्रयोगशाळेत जाऊ. तिथे दारावरच्या वहीत येणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं लागतं. तुझं मी माझ्या हातानं लिहीन.

काशीदच्या नीराबाईंचा सख्खा भाऊ,
सदा