एकशे एकोणीस युरोंचा कुकर

शनिवार, संध्याकाळ. झिंडेलफिंगेन, जर्मनी

अजून डोकं तापलेलं आहे. "तुला काय कळतं यातलं?" सुहास मला भर दुकानात, आईंच्या देखत म्हणाला.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मंगळवारी पुण्याला परत चालल्यात. त्यांनी एकशे एकोणीस युरोंचा कुकर घेतला. भारतात सामान नेणाऱ्या पाहुण्यांना इथला विक्रीकर, मेअरवेर्टश्टॉयर, परत मिळतो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मवर एकोणीस युरो लिहिले, तर आमचे नवरोबा भांडायलाच उठले. मोबाइलवर एकशे एकोणीसचे एकोणीस टक्के काढले आणि म्हणे, बावीस युरो एकसष्ट सेंट हवेत!

मी म्हटलं, "अरे, किमतीत कर आधीच धरलाय. मूळ किंमत शंभर, त्यावर एकोणीस." त्यावर ते वाक्य. मला काय कळतं? पुण्यात सीएकडे सात वर्षं जीएसटीची रिटर्न्स कोण भरत होतं?

मी सरळ त्या बाईंकडे वळले आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हिशोब मांडला. "गेनाऊ!" त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. आई म्हणाल्या, "सुहास, ती बरोबर सांगतेय. चल आता."

गाडीत तो म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस." आणि माझी झाली ती? मी माफी मागितली नाही. मागणारही नाही.

गावातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जागा आहे. "तुझं जर्मन कच्चं आहे," असं सुहास म्हणाला म्हणून माझा अर्ज तीन आठवडे तसाच पडून होता. आत्ता पाठवला. त्याला न दाखवता, चुकांसकट.