धक्क्यावरचा पहारा

मकाव, ९ जुलै १९४०

ती. एडमंडदादास मेबलचा सा. न. वि. वि.

मी आणि नेली मावशीकडे सुखरूप पोचलो. जपानी हाँगकाँगच्या दाराशी आलेत, स्वयंसेवक पलटणीतल्यांच्या घरच्या बायकापोरांना सरकार बोटीने मनिलाला नेतंय, असं तूच सांगून आम्हाला धक्क्यावर पाठवलंस. तिथल्या साहेबाने नेलीची हनुवटी वर करून चेहरा न्याहाळला आणि आम्हाला रांगेबाहेर काढलं. बोट फक्त अस्सल गोऱ्यांसाठी म्हणे. आपला बाप गोरा, पण आई चिनी. तू समोरच पहाऱ्यावर. नेलीने मामा म्हणून हाक मारली. तू दिव्याच्या खांबासारखा उभा. चड्डीची इस्त्री मात्र झकास होती, मीच केली होती. आता तरी तो गणवेश परत कर.

राग आहे, पण लोभही आहे. तोही असू दे.

तुझी मेबल

हाँगकाँग, १५ जुलै १९४०

चि. मेबल हीस अ. उ. आ. वि. वि.

एक दुरुस्ती. मी नुसता उभा नव्हतो, सावधान होतो. सावधान माणूस हलत नाही. नव्या पोरांना मीच हे शिकवतो. शाळा अर्ध्यावर सुटली, तरी तोफखान्याची पुस्तकं एकट्याने वाचून हवालदार झालो. भरतीच्या वेळी आई कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. मरायला आमचं रक्त चालतं, बोटीत बसायला बाटतं.

काल कॅप्टनने पुन्हा धक्क्यावरचाच पहारा दिला. हजेरीला मॅकफी म्हणून पुकारलं, मी ओ दिली नाही. पुन्हा पुकारलं तेव्हा सांगितलं, ते बापाचं आडनाव. आजपासून आईचं, वोंग. मागून स्टीवर्ट म्हणाला, मग मीही आईचं, चान. असं करत सगळी तुकडी, आमच्यात प्रत्येकाची आई चिनीच. कॅप्टन उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. पहारा दुसऱ्या तुकडीला गेला आणि माझ्या बाहीवरच्या पट्ट्या उतरल्या. तिथलं कापड गडद राहिलंय, फार वाईट दिसतं.

गणवेश परत करणार नाही. हा किनारा त्या साहेबाच्या बापाचा नाही, आईला इथेच पुरलंय. जपान्यांना तो फुकट मिळायचा नाही.

नेलीला सांग, मामाने हाक ऐकली होती. मावशीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा

मकाव, २१ जुलै १९४०

ती. दादास सा. न. वि. वि.

नेलीला सांगितलं. ती म्हणते, ऐकली तर ओ का नाही दिली. हे तुझं तूच निस्तर. रविवारच्या बोटीने आम्ही घरी येतोय. मनिला गेली खड्ड्यात. मावशीने खारवलेले मासे दिलेत. बाहीचं कापड मी उन्हात घालून सारखं करीन.

पाकिटावर तुझं नाव एडमंड वोंग लिहिलंय. टपालवाल्याने दारात पुकारलं की ओ दे.

तुझी मेबल