विहीणबाईंना अमेरिका दाखवताना

सॅन फ्रान्सिस्को,
हॉटेलच्या न्हाणीघरातून, सकाळी

तीर्थस्वरूप थोराताईस,

धाकट्या आर्विदचा, एका हाताने टबाची कड घट्ट धरून दुसऱ्या हाताने लिहिलेला नमस्कार. तुझा खुबा आता कसा आहे? एल्मरभावजी इतक्यात काही बोलले का? (मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ईस्टरच्या जेवणानंतर ते "हं" म्हणाले. वाचून फार बरं वाटलं.) तिकडे मिनेसोटात सगळं ठीक असेल, तळ्यातले मासे तळ्यात असतील आणि माझ्या मांजराला तू वेळेवर खायला घालत असशील, असं धरून चालतो. मी जिवंत आहे. याहून जास्त काही आत्ता खात्रीने सांगता येत नाही.

न्हाणीघरात का बसलोय ते आधी सांगतो. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीखाली रस्ता आहे. आता आपल्याकडचा रस्ता कसा, टाकला की गुमान पडून राहतो. हा सरळ खाली कोसळतो! आणि अशा रस्त्यावर मोटारी उभ्या करून लोक खुशाल कॉफी प्यायला जातात. काल एकदाच पडदा सारून बघितलं आणि लगेच परत ओढून घेतला. न्हाणीघराला खिडकी नाही, म्हणून इथे आलो. दुसरं कारण असं, की खाली न्याहारीच्या हॉलमध्ये झुल्मिराबाई माझी वाट बघत बसल्यात. त्यांनी काल मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर घेऊन मी खाली जायचंय. तुला फोन केला असता, पण फोनवर तू "आर्विद, घाबरायचं नाही" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्रात तुला सगळं ऐकून घ्यावंच लागेल.

झुल्मिराबाई म्हणजे आपल्या होणाऱ्या विहीणबाई, कायोची आई, हे तुला ठाऊक आहेच. राहणार ब्राझीलमधलं रेसिफे. नवरा नाही, कायो एकुलता एक. इकडे माझी मारितही एकुलती एक. लग्न ठरलं, तारीख ठरली, केक ठरला, पण पोरांनी राहायचं कुठे ते काही ठरेना. शेवटी कायोने तोड काढली: आईला अमेरिका दाखवू. एखादं शहर तिच्या मनात भरलं आणि दरवर्षी येऊन राहीन म्हणाली, तर संसार इथे. नाही भरलं, तर रेसिफे. मारितला हॉस्पिटलातून सुट्टी मिळेना, कायोची परीक्षा. मग माझी गुणाची लेक म्हणाली, बाबा दाखवतील. बाबा म्हणजे मी! फार्गोच्या दुकानातल्या सरकत्या जिन्यावर ज्याला घेरी येते तो मी. पण ताई, मारितची आई, आपली अर्डिस, गेल्यापासून त्या घरात माणसाचा आवाज होतो तो फक्त रविवारी. मारित येते, फ्रिजमधलं शिळंपाकं फेकते आणि मला ओरडते. ते ओरडणं समुद्रापलीकडे गेलं तर मी काय करायचं? त्या भीतीपुढे बाकीच्या भीती लहान वाटल्या, म्हणून निघालो. (त्या लहान नव्हत्या, हे विमानतळावरच कळलं.)

पहिलं न्यूयॉर्क. न्यूयॉर्कची भीती आडवी आहे. ती चारही बाजूंनी येते, खांदा मारते आणि माफी न मागता पुढे जाते. स्टेशनातून वर आलो तर एका चौकात इतकी माणसं, की आपलं अख्खं गाव, कबरस्तानातलं धरून, त्यात सोडलं असतं तरी सापडलं नसतं. मी परवानगी विचारून झुल्मिराबाईंच्या कोटाचा पट्टा धरला आणि तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. बाईंना मात्र भय म्हणून नाही. सॉसेजच्या गाडीवाल्याशी त्या पोर्तुगीजमधून भांडल्या, तो त्याच्या भाषेतून भांडला आणि शेवटी दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. (मला शेवटची मिठी अर्डिसच्या दफनाला पाद्रीबाबांनी मारली होती, तीसुद्धा बाजूने.) मग बाईंनी विचारलं, "कसं वाटतं हो तुम्हाला न्यूयॉर्क?" इथे जोर लावायला हवा होता. मी सगळा धीर एकवटून म्हटलं, "काही वाईट नाही." आता याच्यावरची स्तुती आपल्याकडे आहे का? लग्नाच्या दिवशी बाबांनी आईला "वाईट नाही दिसत" म्हटलं होतं आणि आई ते मरेपर्यंत शेजारणींना सांगत होती. पण बाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "हो ना, मलाही तसंच वाटलं. कुणी घटकाभर बसत म्हणून नाही इथे." मला वाटलं चालून दमल्या असतील.

शिकागोची भीती उभी आहे. आधी तळं बघितलं. बाईंनी ओंजळ भरून पाणी चाखलं आणि थुंकल्या. "एवढं मोठं, लाटाबिटा, आणि मीठ नाही? ही शुद्ध फसवणूक आहे." मग मला एका उंच इमारतीवर नेलं. तिथे भिंतीबाहेर काचेची खोली काढलीय. पायाखाली काच, काचेखाली काही नाही, आणि त्या काही-नाहीच्या तळाशी टॅक्सी. परदेशी पाहुणे यासाठी रांगा लावतात! बाई काच पक्की आहे का ते बघायला तिच्यावर उड्या मारत होत्या. मी गुडघ्यांवर बसलो आणि डोळे मिटले. एका जपानी कुटुंबाला वाटलं मी प्रार्थना करतोय, त्यांनी आदराने जागा करून दिली. खाली आल्यावर पिझ्झा, आपल्या गाईच्या धारेच्या बादलीएवढा खोल. मला घास गिळेना. मी म्हटलं, "हे वेगळंच आहे." (काय म्हणायचं होतं ते तुला कळलं. गेल्या वर्षी एल्मरभावजींनी दाढी वाढवली तेव्हा तूही हेच म्हणाली होतीस.) तर बाईंनी टाळ्याच पिटल्या. "अखेर या माणसाला काहीतरी आवडलं!" आणि माझ्यासाठी आणखी एक मागवला. तो मी खाल्ला. मारितसाठी खाल्ला.

लास व्हेगासची भीती आतली. बाहेर नुसतं वाळवंट, आणि आत पिरॅमिड, व्हेनिसचे कालवे आणि रंगवलेलं आभाळ, त्यामुळे दिवस आहे की काय आहे ते कळत नाही. बाईंचं मत: "सगळं खोटं आहे, पण किती मनापासून खोटं आहे!" जेवायची वेळ झाली म्हणून मी एक रांग बघितली आणि दोघंही उभे राहिलो. रांगेत सगळेच नटलेले. म्हटलं, महागाचं जेवण दिसतंय. रांग पुढे सरकल्यावर मला आत पियानो ऐकू आला, फुलांची कमान दिसली, आणि पुढची जोडी रडत रडत बाहेर आली. ताई, ती लग्नाची रांग होती! आता रांगेत उभं राहिल्यावर मधूनच निघून जाणं किती उद्धटपणाचं दिसतं, सांग. मागच्यांना काय वाटेल? म्हणून मी गप्प उभा राहिलो. खिडकीतल्या बाईने नाव विचारलं, मी सांगितलं. तिने झुल्मिराबाईंचं विचारलं, मी तेही सांगितलं! परवाना मागितला तेव्हा कुठे सुटका झाली. झुल्मिराबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "अहो, माणसाने कधीतरी तोंड उघडून नको म्हणावं!" मी म्हटलं, बघतो.

आणि आता सॅन फ्रान्सिस्को. याची भीती उतरती, ते वर सांगितलंच. ऐन उन्हाळ्यात इथे थंडी वाजते. सगळे पाहुणे पहिल्या दिवशी कुडकुडत स्वेटर विकत घेतात आणि मग एकसारखे दिसतात. उतारावरून दोरावर ओढली जाणारी जी गाडी आहे, तिच्यात आत बसायला जागा असताना बाई बाहेरच्या दांड्याला लोंबकळल्या, आणि वळणावर मला हात करत होत्या. मी आत बसून त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी "आमच्या बापा" ही प्रार्थना पुटपुटत होतो. पण परदेशी पाहुण्याला दाखवायला या चारांत हेच शहर उत्तम, असं माझं प्रामाणिक मत झालं, आणि मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलंही. म्हटलं, "याहून वाईटही असू शकतं." त्यांनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला काही कळेना.

ते कळलं काल, त्या लाल पुलावर. धुकं इतकं की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. (मला वाटलं पूल हलतोय. बाई म्हणाल्या, तुम्ही हलताय.) मग धुक्याकडे बघत म्हणाल्या, "आर्विद, खरं सांगू? तुमची शहरं छान आहेत, पण एकातही माझा जीव रमला नाही. तुम्हालाच ती धड आवडत नाहीत, तर मला कशी आवडणार? तरी मी कायोला सांगणारे, की सॅन फ्रान्सिस्को मला फार आवडलं. पोरं इथेच राहू देत." मी विचारलं, का? तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. "नाताळात तुमची मारित आमच्याकडे आली होती ना. तिला समुद्र दाखवला, माझ्या बहिणी, भाच्या, आमचा नाच, सगळं दाखवलं. माझ्या हातचं सगळं जेवली. निघताना विचारलं, पोरी, कसं वाटलं आमचं गाव? तर म्हणाली, 'काही वाईट नाही.' मी रात्रभर रडले हो. जिथे तिचं मन नाही तिथे मी तिला कशी ओढून नेऊ? तुम्ही तिचे वडील. विचार करून मला सांगा, खरंच नाही ना आवडलं तिला?"

ताई, पुलावर मी पडलो कसा नाही ते देवाला माहीत. तुला आणि मला त्या शब्दांचा अर्थ कळतो. या सबंध प्रवासात मी काय घोटाळा करून ठेवला तेही तेव्हाच डोक्यात शिरलं, पण त्याचं काही नाही. मारित आपली आहे. कायोला पहिल्यांदा भेटून आली तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "मुलगा वाईट नाही." मी मागच्या शेडमध्ये जाऊन लाकडं फोडत बसलो, कारण पोरगी गेली हे मला त्याच क्षणी समजलं होतं. आणि आता तिने तेच त्या गावाबद्दल म्हटलं. म्हणजे जीव जडलाय तिचा. आणि हे साऱ्या जगात एकट्या मला माहीत आहे! मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही, नुसती मान हलवली की झालं. पोरगी इथेच राहील, रविवारी येईल, ओरडेल. मी म्हटलं, "उद्या न्याहारीला सांगतो." काच, गर्दी, उतार, ती लग्नाची रांग, हे सगळं एकदम समोर आणलं तरी मी एवढा भ्यायचो नाही. मला एकटं राहायची भीती वाटते, ताई. लिहून टाकलं एकदाचं.

तर तू सांग मी काय करू. तुझं उत्तर येईपर्यंत झुल्मिराबाईंची न्याहारी आटोपेल हे मला समजतं, तरी सांग. एल्मरभावजींना नमस्कार, त्यांनी उत्तर नाही दिलं तरी चालेल.

तुझा भाऊ,
आर्विद

ता. क. लिहून होतंय तोच दार वाजलं. मी खाली आलो नाही म्हणून माझी तब्येत बिघडली समजून झुल्मिराबाई कॉफी आणि पाव घेऊन वर आल्या. मी त्यांना खोलीत घेतलं, पण परत न्हाणीघरात शिरून दाराआडूनच बोललो, समोरून जमलं नसतं. म्हटलं, बाई, आमच्याकडे 'काही वाईट नाही' म्हणतात तेव्हा माणूस वेडा झालेला असतो. पोरीला तुमचं गाव इतकं आवडलंय की तिला तिथेच राहायचंय. बाहेर कपबशी फुटल्याचा आवाज झाला. दार उघडलं तर बाईंनी मला अशी मिठी मारली की हात कुठे ठेवायचे तेच सुचेना.

ता. क. दुसरा: दर हिवाळ्यात मी रेसिफेला यायचं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. तिथे किनाऱ्यावर शार्कपासून सावध राहा अशा पाट्या आहेत म्हणे. मी पाण्यात पाय घालणार नाही, हे आजच सांगून ठेवलंय.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच: मारितला यातलं अजून काही माहीत नाही. घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही अशी शपथ बाईंना घातलीय. पत्र मिळाल्याबरोबर तू तिला फोन कर. सांग की तुझा बाप अगदी खुशीत आहे, ब्राझीलच्या नावाने नुसता नाचतोय, तुला सुचेल ते रंगवून सांग. माझ्यावर सोडू नकोस. माझ्या तोंडून "माझी काही हरकत नाही" एवढंच निघेल, आणि त्यातलं 'जाऊ नकोस' ऐकून ती पोरगी सगळं रद्द करून घरी येऊन बसेल.