मथळा झाकून

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात रांगत होती. आता ती अठराची झाली. पुढच्या महिन्यात शिकायला इंग्लंडला जाते आहे, आणि तुम्ही ठेवलेलं नाव तिला तिथे नको आहे. हे कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हाला लिहितो.

आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. अम्मी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे, तुम्ही शाळेतून आणलेला कालचा पेपर जमिनीवर पसरलेला, आणि मथळ्यावर तुमचा पंजा. ‘आधी बातमी वाच. मग मथळा तू दे.’ एकदा एसटीतल्या भांडणाची बातमी होती. कंडक्टरने एका म्हाताऱ्याला ढकललं होतं. दोघांची नावं वाचून मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘हिंदू कंडक्टरची मुसलमान वृद्धाला मारहाण.’ तुमचा आवाज चढला. ‘भांडण कशावरून झालं?’ ‘सुट्ट्या पैशांवरून.’ ‘मग धर्म कुठल्या थांब्यावर चढला? तिकीट काढलं होतं का त्याने?’ अम्मी हसली, मी रडकुंडीला आलो. तुम्ही हसला नाहीत.

त्या एका प्रश्नावर मी आजवर बोलत आलो आहे. गेल्या शुक्रवारी इथे आखातात, अल गराफा भागातल्या एका मित्राच्या व्हिलामध्ये आमची मराठी मंडळी जमली होती. मी पडद्यावर विलायती पेपरांची पानं लावली. हल्ला करणारा मुसलमान असला की धर्म मथळ्यात, तोही पहिल्या शब्दाला. दुसरा कुणी असला की तो एकलकोंडा, आजारी, शेजाऱ्यांच्या मते शांत मुलगा. आणि मुसलमान बाईचा फोटो म्हणजे काळ्या कपड्यातली पाठ, दर वेळी पाठच. ‘अहो, हिला चेहरा आहे!’ मी गरजलो. ‘ही शाळेत गणित शिकवते, सिग्नलला हॉर्न वाजवते, सेलमध्ये तुम्हाला ढकलून पुढे घुसते!’ टाळ्या पडल्या. नाशिकचा माझा इंजिनिअर मित्र ओरडला, ‘खलास! सुधारले विलायतेचे पेपर. यल्ला, चला आता, पावभाजी गार होतेय.’ सगळे हसले. मागे बसलेली तुमची नात हसली नाही.

घरी येताना गाडीत तिने सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. तिथे कॉलेजात आणि पुढे नोकरी शोधतानाही ती नावातली दोनच अक्षरं लावणार. ती दोन अक्षरं कुणाचीही वाटतात, म्हणून. मी भडकलो. म्हणालो, ‘आजोबांनी तुझ्या कानात अजान देऊन ठेवलेलं नाव आहे ते. मथळा झाकून वाचणारी माणसं तिकडेही असतील, ती शोध.’ ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘बाबा, माझं नाव हाच मथळा आहे. मी तोच झाकतेय.’

अब्बा, मी तास तास न थांबता बोलू शकतो. पण तेव्हा पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली, तर परक्या स्टेशनवर ती एकटी उतरते आहे, समोरचा तिचं नाव वाचतो आहे आणि सकाळी पेपरात वाचलेलं सगळं अजून त्याच्या डोक्यात आहे, एवढंच मला दिसत राहिलं. मग मी म्हणालो, ‘ठीक आहे.’ ज्या मथळ्यांवर मी इतकी वर्षं तुटून पडलो, त्यांनी पोरीला घाबरवलं नाही. ती विचार करून बोलत होती. घाबरलो मी.

गावी येऊन तुमच्या कबरीपाशी हे तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. आणि कागदाला पत्ता तरी कुठला घालू? घडी करून कपाटात ठेवतो. एक मात्र सांगायचं राहिलं. आज सकाळी चहाच्या वेळी मी तिला त्या दोन अक्षरांनी हाक मारून पाहिली. एरवी तिला दहा हाका माराव्या लागतात. आज तिने पहिल्याच हाकेला ओ दिली.